मिरजेचा गांधार आणि पेडल स्टील गिटार

शिराळ्यात काय किंवा पंचक्रोशीतल्या कोणत्याही गावात काय, एकादशीच्या रात्री भजनाला बसलेली मंडळी आल्या आल्या भजन सुरू करीत नाहीत. पेटीवाला एक पट्टी दाबून धरतो. पखवाजवाला डाव्या पुडीला कणीक थापतो आणि उजव्या बाजूला हातोडीने ठोकत राहतो. वीणेकरी खुंटीशी कान नेऊन तार पिळतो. मागे बसलेली पोरे कंटाळतात आणि "अहो, सुरू करा की आता!" अशी हाकही कोणीतरी देतो. वाद्ये जुळवण्यात जाणारा हा वेळ फुकट गेला, अशीच आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते.

आम्हांला आज त्या वेळेविषयीच बोलावयाचे आहे. वाद्य जुळवणे ही गाण्याची पूर्वतयारी आहे हे तर खरेच. पण तेवढेच खरे नाही. कोणता स्वर आपल्या कानाला हवा, कोणता नको, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर आपल्याला कसे जावयाचे आहे, याचा निर्णय जुळणीतच झालेला असतो. वादक पुढे जे वाजवतो ते त्या निर्णयाच्या पोटातले असते. हे दाखवण्यासाठी आम्ही मुद्दाम एक दूरदेशीचे वाद्य निवडले आहे. त्याचे नाव पेडल स्टील गिटार. शिराळ्याच्या श्रोत्याला या वाद्याचे काय, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की या वाद्याने ज्या अडचणीशी पाऊणशे-शंभर वर्षे झुंज घेतली, त्याच अडचणीशी आपल्या सातारा-सांगलीकडच्या माणसांनीही झुंज घेतली होती. आणि दोघांचे हिशोब एका ठिकाणी विलक्षण रीतीने जुळतात.

प्रथम वाद्याची ओळख करून घेऊ. हे गिटार मांडीवर किंवा छातीशी धरण्याचे नाही. चार पायांवर उभे केलेले, शिवणयंत्राच्या मेजाची आठवण करून देणारे असे ते असते. त्याच्या पाटावर दहा तारा ताणलेल्या असतात. वादक डाव्या हातात गुळगुळीत पोलादी कांडी धरून ती तारांवरून सरकवतो व उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडतो. शिवणयंत्राप्रमाणेच पायाखाली पट्ट्या असतात. त्यांना पेडल म्हणतात. पट्टी दाबली की आतल्या सळईच्या ओढीने एखादी ठराविक तार ताणली जाते व तिचा स्वर चढतो. गुडघ्याच्या बाजूंनाही कळा असतात. त्यांनी काही स्वर चढतात, काही उतरतात. म्हणजे हात, पाय आणि गुडघे असे सारे शरीरच वाजवण्याच्या कामी लागते. अमेरिकेतील 'कंट्री' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाण्यांत जो हुंदका दिल्यासारखा घसरता आवाज ऐकू येतो, तो या वाद्याचा.

आता याची गोष्ट सांगण्यापूर्वी घराजवळूनच सुरुवात करू. शिराळ्याहून सांगली, आणि सांगलीला लागून मिरज. मिरजेत तंतुवाद्ये करणारी घराणी आहेत हे आपल्या जिल्ह्यात सर्वांस ठाऊक आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातील फरीदसाहेब यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या कामाचा पाया घातला आणि पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने तो धंदा वाढला. तलवारीची धार ओळखणारी बोटे तारेचा ताण ओळखू लागली. पंढरपूर-सोलापूर भागातील भीमाकाठचे भोपळे येथे येतात, वाळतात, कापले जातात आणि त्यांचे तानपुरे होतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

कारागीर तानपुरा पूर्ण करतो तेव्हा शेवटचे आणि सर्वांत नाजूक काम असते ते जवारी काढण्याचे. ज्या घोडीवरून तारा जातात तिचा माथा तो कानसेने किंचित उतरता करतो, मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक दोरा सरकवतो. दोरा केसभर पुढे-मागे झाला की आवाज बदलतो. तो योग्य जागी बसला म्हणजे एकट्या तारेतून अनेक स्वर फुलून येतात. तानपुऱ्याला तारा चार: एक पंचमाची, दोन षड्जाच्या, एक खर्जाची. गांधाराची तार त्यात कोठेच नाही. तरीही उत्तम लागलेल्या तानपुऱ्याजवळ शांत बसावे, तर खर्जाची तार छेडल्यावर क्षणभराने वर एक गोड गांधार तरंगताना ऐकू येतो. त्याला आपले गवई स्वयंभू गांधार म्हणतात.

हा गांधार येतो कोठून? तार संबंध कंप पावते, त्याच वेळी तिचे दोन भाग, तीन भाग, चार भाग, पाच भागही निराळे कंप पावत असतात. खर्जाची तार सेकंदाला १२० वेळा कंप पावते असे धरू. तिच्या पाच भागांचा कंप सेकंदाला ६०० होईल. मधल्या सप्तकाचा षड्ज २४० धरला, तर ६०० हा तार सप्तकातील गांधार होय आणि त्याच्या निम्मा ३०० हा मध्य सप्तकातील. म्हणजे निसर्गाने षड्ज व गांधार यांच्यात २४० ला ३००, अर्थात ४ ला ५, असे सोपे नाते बांधून दिले आहे. पंचम ३६०, म्हणून सा, ग, प यांचे नाते ४, ५, ६ असे होते. हे तीन आकडे वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढे त्यांची गरज लागणार आहे.

आता भजनातील पेटीकडे वळू. पेटीचा गांधार ३०० कंपनांचा नसतो. पेटी मूळची युरोपातली, आणि तिकडे वादकाला कोणतीही पट्टी षड्ज धरून वाजवता आले पाहिजे अशी गरज होती. त्यासाठी सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग करण्याची पद्धत रूढ झाली. त्या वाटणीत गांधार सुमारे ३०२.४ वर जातो. दोन-अडीच कंपनांचा फरक तो काय, असे वाटेल. पण २४० चा षड्ज आणि ३०२.४ चा गांधार एकत्र धरले की त्यांचे वरचे उपस्वर, एकाचा १२०० आणि दुसऱ्याचा सुमारे १२०९.५, एकमेकांवर आदळतात आणि सेकंदाला नऊ-दहा वेळा थरथर ऐकू येते. पेटीचे दोन स्वर एकदम दाबून धरल्यावर जो किंचित खरखरीतपणा जाणवतो, तो त्यामुळे.

हा खरखरीतपणा ज्यांच्या कानाला सोसवला नाही त्यांत सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे प्रमुख होत. डेप्युटी कलेक्टरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी आपल्या ग्रंथांतील बावीस श्रुतींचा अर्थ तारेवर प्रत्यक्ष मोजून लावण्याचा ध्यास घेतला. मोठ्या गवयाने गावे आणि त्याचा स्वर तारेच्या लांबीवरून मोजावा, अशी त्यांची रीत होती. या कामी खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे त्यांना साहाय्य झाले. पुढे मिरजेस स्थायिक झालेले आणि १९३७ साली दिवंगत झालेले तेच हे खाँसाहेब. देवलांचे बावीस श्रुतींवरील इंग्रजी पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. त्यांना इ. क्लेमंट्स या आय. सी. एस. अधिकाऱ्याची साथ मिळाली, आणि १९११ साली साताऱ्यास 'फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' ही संस्था उभी राहिली. साताऱ्यासारख्या गावी श्रुतींच्या मोजमापासाठी संस्था निघावी, ही गोष्ट आपल्या भागाला भूषणास्पद आहे.

या मंडळींनी बावीस श्रुती देणारी पेटी करवून घेतली. १९१६ साली बडोद्यास भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिच्यावर पुष्कळ चर्चा झाली, परंतु ती पेटी काही रूढ झाली नाही. पंडित भातखंडे यांच्यासारख्यांचा त्या गणिताला विरोध होता, हे एक कारण. आमच्या मते दुसरे कारण अधिक मूलगामी आहे. बावीस काय, बावीसशे स्वर दिले तरी पेटीचा प्रत्येक स्वर आपल्या जागी खिळलेला राहतो. आपला गवई एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी मारीत नाही. तो मींड घेतो, वाटेवरच्या जागांना स्पर्श करीत जातो. देवलांनी स्वराची जागा दुरुस्त केली. पण खिळा काढणे पेटीत शक्यच नव्हते. आकाशवाणीने १९४० साली पेटीला साथीतून वगळले आणि ती बंदी १९७१ च्या सुमारास सैल होईपर्यंत टिकली, त्यामागेही हीच दुहेरी तक्रार होती: स्वर चुकीचे, आणि चिकटलेले.

खिळा काढण्याची युक्ती मात्र जुनी आहे. शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात एकतंत्री वीणेचे वर्णन आहे. तिला पडदे नसत. डाव्या हातातील बांबूची कांडी तारेवरून सरकवून तिच्यावर स्वर काढीत. आजची विचित्रवीणा आणि दक्षिणेतील गोट्टुवाद्यम् ही त्याच रीतीची. तारेवर बोट न दाबता गुळगुळीत वस्तू घसरवली, की सगळे स्वर एका अखंड वाटेवर येतात. श्रुती किती, हा वादच वादकाच्या हातापुरता मिटतो.

हीच युक्ती पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर स्वतंत्रपणे निघाली. तेथे गिटार पोचले ते १८३० नंतरच्या काळात, मेक्सिकोतून गुरे राखण्यासाठी आणलेल्या गुराख्यांबरोबर. बेटावरच्या लोकांनी ते आपलेसे केले आणि पहिले काम केले ते खुंट्या सैल करण्याचे. स्पेनची जुळणी त्यांनी मोडली व मोकळ्या तारा नुसत्या छेडल्या तरी गोड स्वरमेळ निघेल अशा बेताने तारा उतरवल्या. त्यानंतर १८८९ च्या सुमारास होनोलुलूच्या कामेहामेहा शाळेतील जोसेफ केकुकू या विद्यार्थ्याने गिटार मांडीवर आडवे ठेवून त्यावर पोलादाचा तुकडा घसरवून वाजवण्यास आरंभ केला. रूळांच्या कडेने चालताना सापडलेला बोल्ट तारेवर घासला गेला आणि त्यातून हे सुचले, अशी हकिगत सांगतात. हिंदुस्थानात जन्मलेला गॅब्रिएल डेव्हियन नावाचा एक खलाशी त्याच्याही आधी तेथे असे वाजवीत असे, असाही एक दावा आहे. आपल्या अभिमानाला तो गोड वाटला तरी त्याला भक्कम पुरावा नाही. म्हणून श्रेय केकुकूलाच देणे योग्य.

१९१५ साली सान फ्रान्सिस्कोच्या मोठ्या प्रदर्शनात हवाईयन वादकांना लोकांनी डोक्यावर घेतले आणि ही घसरती गिटार अमेरिकाभर पसरली. नृत्यगृहांतील वाद्यवृंदाच्या कल्लोळात तिचा आवाज बुडू लागला, तेव्हा जॉर्ज बोशँ आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३१-३२ च्या सुमारास तारांखाली लोहचुंबक बसवून विजेवर चालणारी गिटार बाजारात आणली. गोल अंगाच्या आणि लांब दांडीच्या या वाद्याला लोक गमतीने 'तळणीचा तवा' म्हणत. बाजारात यशस्वी झालेली पहिली विद्युत गिटार ही अशी मांडीवरची, घसरती गिटार होती, हे पुष्कळांस माहीत नसते.

आवाजाचा प्रश्न सुटला. जुळणीचा प्रश्न आता सुरू झाला. तो समजण्यासाठी आपण तिकडचे स्वर आपल्या सरगमीत मांडू. हवाईयन गिटारच्या सहा तारांची एक जुनी जुळणी अशी होती: प सा प सा ग प. दुसरी एक: सा ग प सा ग प. मोकळ्या तारा छेडा, सा-ग-प हा स्वरमेळ मिळतो. कांडी वर सरकवा, तोच स्वरमेळ वरच्या पट्टीत मिळतो. येथवर सारे सुरेख. पण कांडी सरळ असते. ती सगळ्या तारांना सारखेच चढवते. त्यामुळे कोठेही ठेवली तरी सा-ग-प या एकाच घडणीचा स्वरमेळ निघणार. पाश्चात्त्य गाण्यात तर स्वरमेळ पावलोपावली बदलतो. गांधार कोमल असलेला खिन्न मेळही लागतो. एकट्या रागाची वाट चालणाऱ्या आपल्या वादकाला ही अडचण आलीच नसती. त्यांना ती पहिल्या दिवसापासून आली.

प्रत्येक वादकाने मग आपापली जुळणी शोधली. त्यांत सर्वांत टिकाऊ ठरली ती १९३० नंतरच्या दशकात जेरी बर्ड या वादकाने रूढ केलेली: सा ग प ध सा ग. एका धैवताची भर, पण तिची करामत पाहा. खालच्या तीन तारांवर सा-ग-प हा उल्हसित मेळ मिळतो. वरच्या तीन तारा ध-सा-ग म्हणतात, आणि धैवताला क्षणभर षड्ज मानले तर तोच कोमल गांधाराचा खिन्न मेळ होतो. एका जुळणीत दोन भाव बसले.

तरीही भूक भागली नाही. वादक दोन-दोन, तीन-तीन, चार-चार पाटांच्या गिटारी घेऊन बसू लागले. प्रत्येक पाटाची जुळणी निराळी. हा भार असह्य झाला तेव्हा यंत्राकडे धाव घेण्यात आली. गिब्सन कंपनीने १९४० च्या सुमारास 'इलेक्ट्राहार्प' नावाची पेडलची गिटार काढली. १९४८ साली पॉल बिग्स्बी याने स्पीडी वेस्ट या वादकासाठी पेडलची गिटार बनवली. हा बिग्स्बी मूळचा मोटारसायकलींच्या भागांचे साचे करणारा कारागीर. शिकलगारांच्या हातून तानपुरा घडला, याच्या हातून ही गिटार. वाद्याच्या इतिहासात लोखंडाशी झगडलेल्या हातांचा वाटा मोठा आहे, असे आम्हांस वाटते.

या पहिल्या पेडलांचा हेतू साधा होता: एक जुळणी सोडून झटकन दुसरी घ्यावी. पेडल म्हणजे जणू पायाने पिळण्याची खुंटी. जुळणी बदलतानाचा आवाज श्रोत्याला ऐकू जाऊ नये, अशीच सर्वसाधारण अपेक्षा असे. १९५३ च्या अखेरीस नॅशव्हिल येथे वेब पिअर्स या गायकाचे 'स्लोली' हे गाणे ध्वनिमुद्रित झाले, त्यात बड आयझॅक्स हा साथीला होता. त्याने तारा छेडल्या आणि त्या वाजत असतानाच पेडल दाबले. दोन तारांचे स्वर श्रोत्यांच्या कानांदेखत वर सरकले आणि तिसऱ्या तारेचा स्वर होता तेथेच राहिला. पुढच्या वर्षी ते गाणे घरोघर गेले, आणि असे वाद्य आपल्यालाही हवे म्हणून स्टील गिटार वाजवणारे धावू लागले. जी गोष्ट लपवावयाची ती त्याने गाण्याच्या मध्यभागी आणून ठेवली. जुळवणे हेच वाजवणे झाले.

या पेडलमध्ये नेमके काय घडले ते आपल्या आकड्यांत पाहू. मूळ स्वरमेळ सा-ग-प: २४०, ३००, ३६०. पेडल दाबताच गांधाराचा मध्यम झाला, पंचमाचा धैवत झाला, षड्ज हलला नाही. सा-म-ध: २४०, ३२०, ४००. पहिल्या मेळाचे नाते ४, ५, ६ असे होते; दुसऱ्याचे ३, ४, ५ झाले. एका सोप्या नात्यातून दुसऱ्या सोप्या नात्यात तारा सरकल्या, आणि स्थिर षड्जाच्या आधाराने ती मींड ऐकू आली. तानपुऱ्याचा षड्ज धरून गवई ग-म, प-ध अशा जागा घेतो, त्याच्या पुष्कळ जवळची ही गोष्ट आहे. कांडीच्या घसरण्यात सगळे स्वर एकत्र चालत असत. आता काही चालतात आणि काही थांबतात. त्या हुंदक्याचे रहस्य येथे आहे.

यानंतर सुधारणा भराभर झाल्या. बडी एमन्स आणि जिमी डे यांनी १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ग-म चे पेडल आणि प-ध चे पेडल वेगवेगळे केले; कोणते डावीकडे असावे याबद्दल मात्र दोघांचे जमले नाही, आणि त्या दोन मांडण्या आजही त्यांच्या नावांनी ओळखल्या जातात. राल्फ मूनी या वादकाच्या नावावर तिसरे पेडल जमा आहे: त्याने सा चा रे होतो आणि प चा ध. १९६२ साली एमन्सने दोन नव्या तारा चढवल्या, एक रिषभाची आणि एक शुद्ध निषादाची. अशा रीतीने आजची दहा तारांची रूढ जुळणी तयार झाली. वादकापासून सर्वांत दूरच्या तारेपासून जवळच्या तारेपर्यंत ती अशी वाचावी: रे नी ग सा प ग रे सा, कोमल नी, प. यांतील सर्वांत उंच स्वर तिसऱ्या तारेचा आहे; आधीच्या दोन तारा तिच्याहून खालच्या. नव्या तारांना बाहेरच्या बाजूस जागा मिळाली, म्हणून ही उलटापालट. वाड्याला पुढे पडवी काढावी तसे ते आहे. बांधणीचा इतिहास नकाशातच दिसतो.

जेरी बर्ड यांनी मात्र पेडल कधीच स्वीकारले नाही. कांडी तिरपी धरून आणि हाताच्या कसबाने ते आपले काम भागवीत. पुढे १९७२ साली ते हवाईला जाऊन राहिले आणि तेथल्या तरुणांना ही बिनपेडलची गिटार शिकवू लागले. यंत्राने सोय होते तेव्हा हात काहीतरी विसरतो, ही जाणीव त्या निर्णयामागे असावी असे आम्ही समजतो.

आता आम्ही आरंभी ज्या मेळाविषयी बोललो तेथे येतो. नॅशव्हिलचा वादक आपली गिटार पेटीच्या गांधारावर जुळवीत नाही. विजेवरच्या जुळणीयंत्राचा काटा मध्यावर आणला, तर गांधाराची तार षड्जाशी थरथरते. आणि या वाद्याचा स्वर इतका लांब टिकतो की ती थरथर झाकत नाही. म्हणून पुष्कळ वादक गांधाराची तार काट्याच्या खाली उतरवून लावतात. ती कोठवर उतरते? ३०२ वरून ३०० च्या दिशेने. मिरजेच्या तानपुऱ्यात आपोआप उमलणारा तोच हा गांधार, ज्याच्यासाठी देवलांनी पेटीशी भांडण मांडले.

एवढ्यावर हे थांबत नाही. रिषभाची मोकळी तार पंचमाशी जुळवली तर २७० येते. पण मूनीच्या पेडलने सा चा जो रिषभ होतो, तो ४०० च्या धैवताबरोबर वाजणार. त्याच्याशी तो जुळवला तर हिशोबाने २६६ आणि दोन तृतीयांश येतो. एकाच रिषभाच्या या दोन जागा. आपले शास्त्रकार त्यांना चतुःश्रुती आणि त्रिश्रुती रिषभ म्हणतात, आणि देवलांच्या बावीस श्रुतींत या दोन्हींना निराळे घर आहे. पेडल स्टीलमध्ये मोकळ्या तारेला एक पेच असतो आणि पेडलने चढणाऱ्या स्वराला दुसरा स्वतंत्र पेच असतो. त्यामुळे वादक या दोन जागा खरोखरच वेगळ्या लावू शकतो. त्याने भरताचे किंवा शार्ङ्गदेवाचे नावही ऐकलेले नसते. त्याला तेथे नेतो तो त्याचा कान. साताऱ्यात १९११ साली निघालेल्या संस्थेचा हट्ट पेटीत पुरा झाला नाही. तो निराळ्या कारणाने, निराळ्या देशात, पायाखालच्या पट्टीने अंशतः पुरा केला.

आपल्या देशात ही गिटार आली ती पेडलविना. हवाईचे ताऊ मो आणि त्यांचे कुटुंब १९४० नंतरच्या काही वर्षांत कलकत्त्यास राहत होते. त्यांच्यामुळे तिकडे हवाईयन गिटारचा प्रसार झाला. मुंबईत व्हॅन शिप्ली यांनी चित्रपटगीतांच्या धुना या गिटारवर वाजवल्या आणि त्या ध्वनिमुद्रिकांतून हा घसरता स्वर आपल्या कानांवर पडला. पण खरी कलाटणी दिली ती ब्रिजभूषण काबरा यांनी. उस्ताद अली अकबर खाँ यांच्या या शिष्याने गिटारवर राग मांडला. मराठी भावगीत गायक आणि ध्वनिमुद्रण क्षेत्रातील जाणकार जी. एन. जोशी यांच्या पुढाकाराने १९६७ साली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका निघाली. तीत शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि काबरांची गिटार एकत्र आली. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी गिटारला तरफांच्या तारा जोडून मोहनवीणा घडवली आणि १९९४ साली त्यांना ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

येथे दोन वाटा स्पष्ट दिसतात. अमेरिकेला बदलते स्वरमेळ हवे होते, म्हणून तेथे पेडले वाढली. आपल्याला एका षड्जाच्या सावलीत राग फुलवावयाचा होता, म्हणून येथे स्वरमेळाच्या तारा कमी झाल्या, आणि चिकारी व तरफा आल्या. वाद्य एक, कांडी एक. जुळणी निराळी झाली आणि बोली निराळी झाली. एकीला पुढारलेली व दुसरीला मागासलेली म्हणण्याचे कारण नाही. ज्याला जे ऐकावयाचे होते त्याने तशी तार लावली.

या साऱ्यातून आपण काय घ्यावे? आज खिशातल्या फोनमध्ये जुळणीयंत्र असते आणि तानपुऱ्याच्या ठिकाणी विजेची पेटी ठेवलेली असते. त्यांचा आम्हांस राग नाही. प्रवासात ती सोयीची आहेत, आणि मिरजेचा तानपुरा प्रत्येकाला परवडेलच असेही नाही. पण काट्याने हिरवा दिवा दाखवला म्हणजे स्वर लागला, असे मुलांना वाटू लागले तर ते फार मोठे नुकसान होईल. यंत्र सांगते ती एक वाटणी आहे, बारा सारख्या भागांची. ती पियानोची गरज होती. कंठाची गरज निराळी आहे, आणि नॅशव्हिलच्या वादकालासुद्धा ती काट्याच्या बाहेर सापडली. मिरजेत जवारी काढणारा कारागीर केवळ लाकूड आणि भोपळा विकत नाही. त्या गांधाराची ओळख तो राखून ठेवतो. ती ओळख असलेले कान गावोगाव उरले नाहीत, तर त्याच्या कानशीला काम राहणार नाही.

म्हणून आमची एक विनंती आहे. घरात किंवा देवळात तानपुरा अथवा उत्तम लागलेली वीणा असेल, तर एकदा मुलांना जवळ बसवावे. आधी तार छेडून वर तरंगणारा गांधार ऐकू येईपर्यंत थांबावे. मग पेटीवर तोच गांधार हलकेच दाबावा आणि दोघांमधली थरथर ऐकवावी. गणित सांगण्याची गरज नाही. ज्याने ती थरथर एकदा ओळखली, तो पुढच्या एकादशीला वीणेकऱ्यावर कंटाळणार नाही. वीणेकरी खुंटी पिळू लागला की तो गप्प बसून ऐकत राहील. कारण भजन तेथेच सुरू झालेले आहे, हे त्याला कळलेले असेल.